जपानांतील बौद्ध उपासकांचें शिक्षण

जपानच्या उत्कर्षाविषयीं आपल्या भाषेंत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १९०५ सालीं रशियासारख्या बलाढ्य राष्ट्राचा त्यानें पराभव केला, तेव्हांपासून त्याचें आरमार, त्याच्या गिरण्या व त्याचें सक्तीचें प्राथमिक शिक्षण यांचीं वर्णनें आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतून कौतुकानें वाचलीं गेलीं. परंतु सरकारी शाळेबाहेर त्या देशांत शिक्षणाचा जो दुसरा एक मोठा उद्योग चालला होता, त्याकडे आमच्या समजुतीप्रमाणें फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. हा उद्योग बौद्ध संप्रदायांचा व बौद्ध मंडळांचा होता. भिक्षु तयार करणें हा त्याचा हेतु नव्हता. दुकानदार, कारकून, विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी अशा संसारी माणसांस आपला धर्म स्वतः वाचतां यावा, समजून घेतां यावा व आचरतां यावा, हा होता. पोथी देवळाच्या कोनाड्यांतून निघून गृहस्थाच्या हातीं कशी आली, आणि हातीं आल्यावर तिच्या बळावर तो काय करूं शकला व काय करूं शकला नाहीं, एवढाच विषय आम्हीं येथें घेतला आहे.

प्रथम जुनी स्थिति पाहूं. तोकुगावा घराण्याची सत्ता जपानांत १६०३ पासून १८६७ पर्यंत टिकली. ख्रिस्ती धर्मास देशांत थारा मिळूं नये म्हणून या राजवटींत असा निर्बंध घालण्यांत आला कीं, प्रत्येक कुटुंबानें कोणत्या तरी बौद्ध मंदिराशीं आपलें नांव जोडून घ्यावें, आणि आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला तेथील भिक्षूकडून मिळवावा. त्यामुळें भिक्षु हा धर्मगुरूइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, गांवचा कुळकर्णी झाला. कुटुंबांतील माणसांची नोंद त्याच्या वहींत, अंत्यविधि व पितरांचे वार्षिक विधि त्याच्या हातीं, आणि त्यांची दक्षिणाही ठरलेली. यजमान सोडून जाण्याची भीति नाहींशी झाल्यावर त्याला शिकविण्याची गरज कोणास वाटणार? गृहस्थ मंदिराचा होता, पण मंदिरांतील ग्रंथ त्याचे नव्हते. ते चिनी लिपींत होते, चिनी उच्चारांच्या वळणानें म्हटले जात, आणि ऐकणारास त्यांचा अर्थ बहुधा कळत नसे. संस्कृत मंत्र जन्मभर कानांवर पडूनही त्यांच्या अर्थास पारखे राहिलेले यजमान ज्यांनीं आपल्या घरीं पाहिले आहेत, त्यांस ही स्थिति अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

याला दोन अपवाद सांगितले पाहिजेत. ‘तेराकोया’ म्हणजे देवळांतल्या मुलांची शाळा, अशा नांवाच्या पाठशाळा गांवोगांव होत्या. नांव देवळाचें असलें तरी तेथील पंतोजी भिक्षूच असे असें नाहीं, आणि शिकविलें जाई तें लेखन, वाचन, पत्रांचे मायने व मण्यांच्या चौकटीवरील हिशेब. धर्म तेथें ओघानें आला तर येई. दुसरा अपवाद तेराव्या शतकांतील शिन्रान याच्या जोदो शिन्शू पंथाचा. या पंथाचे धर्मगुरु प्रथमपासून विवाहित असत, आणि पंधराव्या शतकांत रेन्न्यो या आचार्यानें अनुयायांस देशी भाषेंत लिहिलेलीं पत्रें गांवच्या बैठकींत मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल या पंथांत होती. आधुनिक काळांत उपासकांच्या शिक्षणाचे कित्येक पुढारी याच पंथांतून निघाले, तें या जुन्या संवयीमुळेंच होय, असें आम्हांस वाटतें.

१८६८ सालीं बादशहाची सत्ता पुनः स्थापन झाली आणि बौद्ध धर्माचे दिवस एकदम फिरले. नव्या सरकारनें शिंतो देवस्थानें व बौद्ध मंदिरें यांची फारकत करण्याचा हुकूम काढला. हुकूम फारकतीचा होता. परंतु अनेक प्रांतांत त्याचा अर्थ विध्वंस असा करण्यांत आला. मूर्ति फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले, मंदिरें बंद पडलीं, भिक्षूंस घरसंसाराकडे पिटाळण्यांत आलें. १८७२ सालीं सरकारनें आणखी एक आज्ञा काढली कीं, भिक्षूंनीं मांस खाणें, लग्न करणें व केस वाढविणें हें यापुढें त्यांच्या इच्छेवर आहे. वरवर पाहतां ही सवलत होती. तिचा खरा अर्थ असा होता कीं, भिक्षु हा इतर प्रजाजनांहून निराळा कोणी आहे हें सरकार यापुढें मानीत नाहीं. शेंकडों वर्षें राजाश्रयानें निश्चिंत झालेल्या या धर्मसंस्थेस प्रथमच असा प्रश्न पडला कीं, आपण नसलों तर आपल्या यजमानांचें काय अडेल?

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची पहिली खटपट फसली. १८७२ सालींच सरकारनें धर्मोपदेशाचें एक खातें काढलें, आणि शिंतो पुजारी व बौद्ध भिक्षु या दोघांसही लोकशिक्षक नेमलें. लोकांस काय शिकवावयाचें तेंही सरकारनेंच तीन कलमांत ठरवून दिलें. देवांचा आदर व देशाची प्रीति हें पहिलें, निसर्गनियम व मनुष्यधर्म हें दुसरें, आणि बादशहाचा मान व राजाज्ञेचें पालन हें तिसरें. १८७३ सालीं टोकियोंतील झोजोजी या प्रसिद्ध बौद्ध मंदिरांत या उपदेशकांचें मुख्य पीठ स्थापण्यांत आलें. बुद्धाच्या मंदिरांत बसून भिक्षूंनीं शिंतो देवांचा महिमा सांगावा, असा हा प्रकार होता. यास उघड विरोध करणारा मनुष्य म्हणजे पश्चिम होंगान्जी शाखेचा शिमाजी मोकुराई (१८३८–१९११). तो त्या वेळीं युरोपांत धर्मसंस्थांची पाहणी करीत होता. राज्यकारभार व धर्म हीं दोन निराळीं क्षेत्रें असून एकानें दुसऱ्यांत ढवळाढवळ करूं नये, असा अर्ज त्यानें परदेशांतून धाडला. १८७५ सालीं शिन्शू पंथाच्या शाखा या व्यवस्थेंतून बाहेर पडल्या, मुख्य पीठ मोडलें, आणि दोन वर्षांनीं तें खातेंही बंद झालें. सरकारी पगारी उपदेशक होण्यापेक्षां आपल्या उपासकांस आपणच शिकवावें, हा धडा बौद्धांनीं येथें घेतला. तो त्यांनीं पुढें सर्वकाळ स्मरला असता तर बरें झालें असतें.

आणखी एका सरकारी हुकुमानें या कार्यास विशिष्ट वळण लावलें. १८९९ सालीं शिक्षणखात्यानें असा नियम केला कीं, सरकारमान्य शाळांतून धर्मशिक्षण देऊं नये. मिशनऱ्यांच्या शाळांस आळा घालणें हा त्याचा मुख्य उद्देश होता, परंतु बौद्ध शाळांसही तो तितकाच लागू पडला. दारांतून येऊं न दिलेला धर्म मग खिडक्या शोधूं लागला. रविवारच्या बालशाळा, तरुण मंडळें, महिला समाज, वसतिगृहें, मासिकें, व्याख्यानमाला, टपालानें जाणारे पाठ हीं सर्व साधनें त्या काळांत झपाट्यानें वाढलीं. यांतील कित्येक साधनें ख्रिस्ती मिशनऱ्यांपासून सरळ उचललेलीं होतीं, आणि तसें कबूल करण्यांत जपानी बौद्धांस कमीपणा वाटला नाहीं.

या खटपटींचें स्वरूप ध्यानांत येण्यासाठीं एक लहानसें पुस्तक उदाहरणादाखल घेऊं. सोतो हा झेन पंथाचा एक मोठा संप्रदाय. त्याचा मूळपुरुष दोगेन (१२००–१२५३) याचा ‘शोबोगेन्झो’ हा प्रचंड ग्रंथ विद्वान भिक्षूंसही दुर्बोध वाटतो. ओउची सेइरान (१८४५–१९१८) या विद्वान उपासकानें त्या ग्रंथांतील वाक्यें निवडून, त्यांची नवी जुळणी करून, १८८८ साली घरसंसारी लोकांकरितां एक छोटी पोथी तयार केली. एइहेइजी व सोजीजी या दोन मुख्य मठांनीं तिच्यांत फेरफार करून १८९० सालीं ती ‘शुशोगी’ या नांवानें सर्व संप्रदायाची म्हणून जाहीर केली. पांच प्रकरणें व एकतीस परिच्छेद एवढाच तिचा विस्तार. जन्ममरणाचा विचार, पापाचा पश्चात्ताप, शीलग्रहण, परोपकाराचा संकल्प आणि नित्याच्या आचरणांत कृतज्ञता, हे तिचे विषय. आपल्याकडे हरिपाठ जसा घरोघर म्हटला जातो, तशी ही पोथी सोतो उपासकांच्या घरांत व विधींत म्हटली जाऊं लागली. परंतु तिच्यांत एक गोष्ट नाहीं. ज्या आसनस्थ ध्यानासाठीं हा संप्रदाय जगांत प्रसिद्ध आहे, त्या ‘झाझेन’ शब्दाचा तिच्यांत कोठेंही उल्लेख नाहीं. दिवसभर शेतांत किंवा दुकानांत राबणाऱ्या माणसास ध्यान झेपणार नाहीं, त्यानें पश्चात्ताप व सदाचार यांवर संतुष्ट असावें, असा विचार त्यामागें होता. गृहस्थास पोथी मिळाली. पण पोथींत काय असावें व काय वगळावें हें ठरविण्याचा अधिकार मठांनीं आपल्या हातीं ठेवला.

याच्या उलट टोंकास इनौए एन्र्यो (१८५८–१९१९) याचें कार्य आहे. पूर्व होंगान्जी शाखेच्या एका मंदिरांत जन्मलेल्या या तरुणास त्या शाखेनें आपल्या खर्चानें टोकियोच्या विद्यापीठांत पाठविलें, आणि तेथें तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन १८८५ सालीं तो बाहेर पडला. मंदिराकडे परत न जातां त्यानें १८८७ सालीं टोकियोंतील एका मंदिराची जागा घेऊन ‘तेत्सुगाकुकान’ म्हणजे तत्त्वज्ञान-विद्यालय काढलें. ज्यांच्यापाशीं विद्यापीठाच्या शिक्षणापुरता पैसा नाहीं व वेळही नाहीं, त्यांच्याकरितां हें विद्यालय आहे, असें त्यानें प्रथमच जाहीर केलें. पुढच्याच वर्षापासून तेथील व्याख्यानें छापून दूरच्या वर्गणीदारांस पाठविण्यांत येऊं लागलीं, आणि जे राजधानीपर्यंत कधीं येऊं शकत नव्हते, असे दूरदूरच्या गांवांतील लोकही त्याचे विद्यार्थी झाले. हेंच विद्यालय पुढें तोयो विद्यापीठ झालें.

एन्र्योचें दुसरें कार्य याहूनही लोकप्रिय झालें. त्या सुमारास जपानांत ‘कोक्कुरी’ नांवाचा एक खेळ फैलावला होता. तीन काठ्या एकत्र बांधून त्यांवर झांकण ठेवावयाचें, माणसांनीं त्यावर हात टेंकावयाचे, आणि तें हलूं लागलें म्हणजे अंगांत आलेल्या शक्तीस प्रश्न विचारावयाचे. हातांच्या नकळत होणाऱ्या हालचालींनीं व मनांतील अपेक्षेनें तें झांकण हलतें, हें एन्र्योनें सप्रयोग दाखवून दिलें. भुतेंखेतें, पछाडणें, शकुन यांच्या शेंकडों हकीकती गोळा करून त्यानें त्यांची चिकित्सा केली, आणि लोकांनीं त्यास ‘भुतांचे पंडित’ अशी पदवी दिली. त्याचें म्हणणें असें कीं, भ्रमाचें तण काढल्यावांचून खऱ्या धर्माचें बीं रुजत नाहीं. शाळेंतून मोकळा झाल्यावर तो उतारवयांत गांवोगांव व्याख्यानें देत फिरला. मदत करणारांस तो स्वहस्ताक्षरांतील सुभाषितें लिहून देई. १९१९ सालीं दाइरेन येथें व्याख्यान चालू असतांना त्याची प्रकृति एकाएकीं बिघडली, व तेथेंच त्याचा अंत झाला. टोकियोंत त्यानें उभारलेल्या तत्त्वज्ञान-मंदिरांत बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस व कांट या चौघांस त्यानें सारखेंच स्थान दिलें आहे. उपासकास किती मोठ्या जगांत नेऊन सोडावें याची त्याची कल्पना यावरून दिसते.

मासिकांच्या योगें झालेल्या शिक्षणाची एक गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. क्योटो येथें पश्चिम होंगान्जी शाखेनें भिक्षूंच्या मुलांबरोबर सामान्य गृहस्थांच्या मुलांसही घेणारी एक शाळा काढली होती. तेथील विद्यार्थ्यांनीं १८८६ सालीं दारू सोडण्याची शपथ घेऊन ‘हान्सेइकाई’ म्हणजे आत्मपरीक्षण मंडळ स्थापिलें, आणि पुढच्या वर्षीं त्याचें मासिक काढलें. या विद्यार्थ्यांत ताकाकुसू जुन्जिरो (१८६६–१९४५) हा होता. तो पुढें ऑक्सफर्ड येथें मॅक्समुल्लरपाशीं संस्कृत शिकला. मद्यपाननिषेधाचें हें बालमासिक वाढतां वाढतां टोकियोस गेलें, त्यांत साहित्य व राजकारण येऊं लागलें, आणि १८९९ सालीं त्यानें ‘चुओ कोरोन’ हें नांव घेतलें. विसाव्या शतकांतील जपानच्या विचारी मासिकांत ज्याचें नांव प्रथम घेतलें जातें, तें हेंच.

आतां पोथीच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. शिन्रानचे उद्गार त्याच्या एका शिष्यानें ‘तान्निशो’ या लहानशा ग्रंथांत नोंदवून ठेवले आहेत. सज्जनापेक्षांही पाप्यालाच अमिताभाची कृपा अधिक जवळ आहे, असा त्यांतील सिद्धांत. तो भलत्या हातीं पडल्यास अनर्थ होईल या भयानें, ज्यांची तयारी नाहीं त्यांस हा ग्रंथ सरसकट दाखवूं नये, अशी टीप स्वतः रेन्न्योनें त्याच्या नकलेखालीं लिहून ठेवली होती. देशी भाषेंत पत्रें लिहून धर्म घरोघर पोंचविणाऱ्या आचार्यानेंच हें लिहावें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ही कडी काढण्याचें श्रेय कियोझावा मान्शी (१८६३–१९०३) यास व त्याच्या शिष्यांस आहे. एन्र्योप्रमाणेंच पूर्व होंगान्जीच्या खर्चानें तत्त्वज्ञान शिकलेला हा मनुष्य क्षयानें जर्जर होता. १९०० सालीं टोकियोच्या होंगो भागांत त्याच्याभोंवतीं तरुण शिष्य एका घरांत राहूं लागले, १९०१ सालीं त्यांनीं ‘सेइशिन्काई’ हें मासिक काढलें, आणि रविवारीं सर्वांस खुलीं अशीं प्रवचनें सुरू केलीं. स्वतःचा संशय, दुःख व आजार हेच त्यांच्या प्रवचनांचे विषय असत. कियोझावा एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला. पण ‘तान्निशो’ मात्र त्या मंडळीच्या हातून विद्यार्थ्यांच्या व गृहस्थांच्या हातीं गेला. १९१७ सालीं कुराता ह्याकुझो या तरुण लेखकाचें शिन्रानवरील नाटक ग्रंथरूपानें निघालें, तेव्हां त्यास अमाप वाचक मिळाले. त्याच होंगो भागांत चिकाझुमी जोकान (१८७०–१९४१) यानें विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह चालविलें, आणि १९१५ सालीं ‘क्यूदो काइकान’ हें सभागृह बांधलें. आंतील बांकांच्या रांगा पाहून हें चर्च आहे कीं देऊळ, असा प्रश्न पडतो. भिक्षु घरीं येऊन विधि करून जाण्याऐवजीं उपासक आपण होऊन ऐकावयास जातो, हा बदल त्या बांकांवरून दिसून येतो.

झेन पंथांतही दार उघडलें. कामाकुरा येथील एंगाकुजी मठांत इमाकिता कोसेन (१८१६–१८९२) व त्याचा शिष्य शाकु सोएन (१८६०–१९१९) यांनीं गृहस्थांस ध्यानाभ्यासास घेतलें. हा सोएन १८९३ सालीं शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेंत होता, जेथें आपले स्वामी विवेकानंद गाजले. त्याचा गृहस्थ शिष्य सुझुकी यानें पुढें झेन विचार इंग्रजींतून जगापुढें मांडला. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १८९४ च्या अखेरीस तेथें कांहीं दिवस राहिला आणि रिकाम्या हातीं परतला; तो अनुभव त्यानें १९१० सालच्या ‘मोन’ या कादंबरींत नायकाच्या पदरीं घातला आहे. सर्वांनाच फळ मिळालें नाहीं, हें सांगण्याचा प्रामाणिकपणाही त्या शिक्षणाच्या जमेस धरला पाहिजे. स्त्रियांसही हें दार बंद नव्हतें. हिरात्सुका राइच्यो ही तरुणी सोएनच्या शिष्यापाशीं ध्यान शिकली, आणि १९११ सालीं तिनें ‘सेइतो’ हें स्त्रियांचें मासिक काढून जुन्या कुटुंबव्यवस्थेस हादरा दिला. वर सांगितलेल्या ताकाकुसूनें १९२३ च्या भूकंपानंतर पुढच्याच वर्षीं बौद्ध तत्त्वांवर मुसाशिनो ही मुलींची शाळा स्थापिली. पुढें १९३४ सालीं तोमोमात्सु एन्ताई या विद्वान भिक्षूनें टोकियोच्या रेडिओवरून धम्मपदावर प्रवचनें दिलीं, आणि त्यांचा इतका बोलबाला झाला कीं, त्यांचें पुस्तक हातोहात खपलें. आपल्या भूमींत जन्मलेला तो ग्रंथ जपानी गृहिणी स्वयंपाकघरांत बसून ऐकत होती, हें वाचून आम्हांस कौतुक वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

येथवर शिक्षणाच्या साधनांचें वर्णन झालें. परंतु शिक्षणाची परीक्षा साधनांवरून होत नाहीं. शिकलेला मनुष्य प्रसंगीं कसा वागतो, यावरून होते. असे प्रसंग जपानी उपासकांवर लवकरच आले.

पहिला प्रसंग १९१० सालच्या राजद्रोहाच्या खटल्याचा. हाकोने येथील सोतो भिक्षु उचियामा गुदो यानें मंदिरांत गुप्तपणें पत्रकें छापून कुळांस सांगितलें होतें कीं, तुमचें दारिद्र्य हें पूर्वजन्मीच्या कर्माचें फळ नसून जमीनदारी व राजसत्ता यांचें आहे. त्यास १९११ च्या जानेवारींत फांशी देण्यांत आलें. शिंगू येथील पूर्व होंगान्जी शाखेचा भिक्षु ताकागी केन्म्यो हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या ‘बुराकु’ वस्तींतील लोकांत काम करीत असे. त्यालाही त्याच खटल्यांत शिक्षा झाली, आणि १९१४ सालीं त्यानें तुरुंगांत आत्महत्या केली. दोघांसही त्यांच्या संप्रदायांनीं घाईघाईनें बहिष्कृत केलें.

दुसरा प्रसंग स्वतः उपासकांनीं आणला. बुराकु लोक बहुसंख्येनें शिन्शू पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. पिढ्यान् पिढ्या त्यांस या जन्मीं सोसण्याचा व पुढील जन्मीं सद्गतीचा उपदेश मिळाला होता. १९२२ च्या मार्चमध्यें क्योटो येथें त्यांनीं ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संस्था स्थापिली. तिच्या जाहीरनाम्याचा लेखक साइको मान्किची हा पश्चिम होंगान्जी शाखेच्याच एका मंदिरांतला मुलगा. शिन्रानच्या दृष्टीनें सर्व माणसें सारखीं असतां होंगान्जीच्या पायऱ्यांवर आम्हांस वेगळें कां बसवितां, असा त्यांचा प्रश्न होता, आणि होंगान्जीस देणग्या देऊं नका असें त्यांनीं आपल्या बांधवांस बजाविलें. गुरूनें शिकविलेल्या वचनाच्या आधारें गुरूसच जाब विचारणारा हा शिष्य होता. आमच्या मतें या सर्व इतिहासांत शिक्षणाचें सार्थक जर कोठें झालें असेल तर तें येथें.

तिसरें उदाहरण अधिक विचार करावयास लावणारें आहे. तानाका चिगाकु (१८६१–१९३९) यानें तरुणपणींच भिक्षुपण टाकून निचिरेनच्या उपदेशाच्या प्रसारार्थ गृहस्थांची संस्था काढली. निचिरेन पंथ ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नामाचा जप करतो, तो जप आपल्यास अगदींच अपरिचित नाहीं. १९३३ सालीं फुजी निचिदात्सु हा जपानी भिक्षु वर्धा येथें गांधीजींस भेटला, आणि तेव्हांपासून आश्रमाच्या प्रार्थनेंत तो म्हटला जाऊं लागला. परंतु चिगाकुनें त्याच सूत्राची सांगड जपानच्या साम्राज्याशीं घातली. सर्व जग एका छपराखालीं आणण्याची जी घोषणा पुढें सरकारनें आपल्या विस्ताराकरितां उचलली, ती त्याच्याच लेखणीची. त्याच्या ‘कोकुचूकाई’ संस्थेंत १९२० च्या सुमारास दोन तरुण दाखल झाले. एक कवि मियाझावा केंजी (१८९६–१९३३). त्यानें शेतकी शाळेंतील नोकरी सोडून खेड्यांतील शेतकऱ्यांस खतांचें प्रमाण ठरवून दिलें, त्यांच्याबरोबर गाणीं गाइलीं, आणि त्यांतच देह झिजविला. दुसरा लष्करी अधिकारी इशिवारा कांजी. १९३१ सालीं मुकदेन येथें खोट्या स्फोटाचें निमित्त करून मांचुरिया गिळंकृत करण्याचा बेत ज्यांनीं रचला, त्यांत तो अग्रेसर होता. एकच पोथी, एकच संस्था, आणि विद्यार्थी असे दोन!

१९३७ सालीं चीनशीं युद्ध पेटलें तेव्हां बहुतेक सर्व संप्रदायांनीं विजयाकरितां सूत्रपाठ केले, आणि पुढें मंदिरांच्या घंटा शस्त्रांसाठीं उतरवून दिल्या. १९४० सालीं पश्चिम होंगान्जीनें शिन्रानच्या ग्रंथांतील कांहीं वाक्यें यापुढें वाचूं नयेत असें फर्माविलें. कारण राजानें व त्याच्या मंत्र्यांनीं धर्माविरुद्ध वर्तन केलें, असे शब्द शिन्रानच्या लेखणींतून उतरले होते. सत्तर वर्षें खपून ज्यांनीं पोथी उघडली, त्यांनींच तिचीं पानें चिकटवून टाकलीं. सेनो-ओ गिरो या गृहस्थानें १९३१ सालीं काढलेली बौद्ध तरुणांची युद्धविरोधी संघटना त्याच्या अटकेनें मोडली, आणि चौकशीच्या जाचापुढें त्यानें आपली मतें मागें घेतलीं. ‘चुओ कोरोन’ची प्रकाशनसंस्था १९४४ सालीं सरकारनें बंद पाडली.

त्याच वर्षीं टोकियोच्या तुरुंगांत एक वृद्ध शाळामास्तर मरण पावला. माकिगुची त्सुनेसाबुरो (१८७१–१९४४) हा प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. पाठांतरापेक्षां मुलाच्या जीवनांत उपयोगी पडेल असें मूल्य निर्माण करणें हें शिक्षणाचें काम, असा सिद्धांत मांडणारा ग्रंथ त्यानें १९३० सालीं काढला, आणि शिक्षकांची एक संस्था स्थापिली. ती हळूहळू निचिरेन उपासकांची झाली. १९४३ सालीं इसे देवस्थानचा ताईत घरांत पुजण्याचा आग्रह होऊं लागला. पंथाचे धर्मगुरु तडजोडीस तयार होते. माकिगुचीनें नकार दिला, पकडला गेला, आणि शेवटपर्यंत नमला नाहीं. त्याचा नकार युद्धास होता असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तो परक्या पूजेस होता. तथापि गुरु वांकले असतां उपासक ताठ राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

युद्धानंतर त्याच संस्थेस त्याचा सहकारी तोदा जोसेई यानें ‘सोका गाक्काई’ म्हणून पुनः उभें केलें. १९५२ सालीं तिनें निचिरेनचे ग्रंथ एका खंडांत प्रसिद्ध केले, आणि उपासकांच्या धर्मज्ञानाच्या लेखी परीक्षा घेऊन त्यांस अध्यापकांच्या पायऱ्या दिल्या. गिरणीकामगार व दुकानदारांच्या बायका रात्रीं जागून परीक्षेची तयारी करूं लागल्या. १९३८ सालीं निवानो निक्क्यो व नागानुमा म्योको यांनीं स्थापिलेल्या ‘रिश्शो कोसेइकाई’ची रीत निराळी. तेथें दहापांच माणसें वर्तुळाकार बसतात, कोणी आपल्या घरांतील भांडण किंवा आजार सांगतो, आणि त्यावरून धर्माचा विचार होतो. पहिलींत ग्रंथ आधीं व जीवन नंतर, दुसरींत जीवन आधीं व ग्रंथ नंतर. दोन्हींचा परिणाम मात्र एकच झाला. भिक्षूवांचून अडत नाहीं, हें उपासकास कळून चुकलें. १९९१ सालीं धर्मगुरूंनीं सोका गाक्काईस बहिष्कृत केलें, तेव्हां तिच्या लोकांनीं आपले अंत्यविधि भिक्षूंवांचून आपणच उरकण्यास आरंभ केला. तोकुगावांच्या काळीं ज्या एका विधीनें यजमान बांधलेला होता, तो शेवटचा दोरही असा तुटला. अर्थात् धर्मगुरूंच्या जागीं संघटनेचे पुढारी बसले तर गृहस्थाची सुटका कितपत झाली, हा प्रश्न उरतोच, आणि जपानांत तो विचारलाही जातो.

जुने संप्रदायही उशिरां कां होईना, आपल्या वहींत डोकावले. सोतो संप्रदायानें १९९२ सालीं युद्धकाळांतील वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप प्रकट केला, आणि १९९३ सालीं गुदोवरील बहिष्कार रद्द केला. पूर्व होंगान्जीनें १९९६ सालीं केन्म्योची तीच भरपाई केली. ‘शुशोगी’चें दुसरें प्रकरण पश्चात्तापाचें आहे. शंभर वर्षें तें उपासकांकडून म्हणवून घेतल्यावर मठांनीं स्वतः तें आचरून दाखविलें.

या इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, धर्मग्रंथ सर्वांस खुला करणें ही मोठी गोष्ट खरी, पण ती पुरेशी नाहीं. छापखाना, मासिक, सभागृह व रेडिओ हीं साधनें केंजीसही मिळालीं आणि इशिवारासही मिळालीं. ज्या शिक्षणांत शिष्यास ग्रंथाबरोबर प्रश्न विचारण्याचा अधिकारही मिळाला, तेथें सुइहेइशाचे लोक निपजले. जेथें केवळ निष्ठा शिकविली गेली, तेथें ती निष्ठा जो मागेल त्याच्या चरणीं वाहिली गेली. मुलांच्या हातीं ज्ञानेश्वरी असो, धम्मपद असो कीं गीता असो, घरांत ती वाचली जात असतां मध्येंच एखादें पोर ‘असें कां?’ म्हणून विचारतें. त्यास गप्प बसविण्यापूर्वीं वडील मंडळींनीं होंगान्जीनें वगळलेल्या त्या वाक्यांचें स्मरण करावें, एवढीच आमची विनंति आहे.